गावानं धरलेला नाताळ

दिवाळीचे कंदील अजून बाल्कन्यांतून उतरलेले नसतात आणि पेठ रोडनं गाड्या यायला लागतात. पिकअपच्या मागच्या हौद्यात दाटीवाटीनं बसलेल्या बायका, त्यांच्या मांडीवर पोरं, गोधड्यांची गाठोडी, काळी पडलेली पातेली, आणि हमखास एखादी पाय बांधलेली कोंबडी. डोंगरातली माणसं खाली निघालेली असतात. खाली म्हणजे दिंडोरी, निफाड, सायखेडा, जिथे जिथे द्राक्षबागा आहेत तिथे. भात झोडून झालेलं असतं, नागली घरात आलेली असते, डोंगरात आता काम नसतं. होळीपर्यंत बागेत राहायचं आणि होळीला घरी परतायचं, हा त्यांचा नेम.

आमचं घर नाशकात, पेठ रोडला लागूनच, दुसऱ्या मजल्यावर. ऐंशीला टेकलेली माझी आई सकाळची उन्हं अंगावर घेत बाल्कनीत बसते. तिला आता लांबचं नीट दिसत नाही, म्हणून मला विचारते, "गाड्या उतरायला लागल्या का गं?"

"लागल्या."

"मग नाताळ झाला म्हणायचा."

शेजारच्या कुळकर्णीकाकूंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या तुळशीच्या लग्नाचा प्रसाद द्यायला आल्या होत्या. डिसेंबर उजाडायलाही अवकाश होता. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी जपून विचारलं, "तुमच्या लोकांचं पंचांग वेगळं असतं का हो?" आई म्हणाली, "आमच्या लोकांचं जगासारखंच असतं. आमच्या गावाचं वेगळं आहे." काकूंना त्यातून काय कळलं कोण जाणे, पण त्या दिवसापासून त्या आम्हाला वर्षातून दोनदा नाताळच्या शुभेच्छा देतात. एकदा डिसेंबरात, आणि एकदा चुरमुऱ्याचा प्रसाद देताना.

तर आमच्या गावाची गोष्ट. आमचं म्हणजे जन्माचं नव्हे. माझे बाबा मिशनरी होते. हा शब्द ऐकला की शहरातल्या माणसांच्या डोळ्यांपुढे गोरा साहेब, हॅट आणि जीपगाडी उभी राहते. बाबा काळेसावळे, अंगानं काटकुळे, आणि त्यांच्याकडे एक सायकल होती. तीसुद्धा डोंगरात चालवण्यापेक्षा खांद्यावर घेऊन ओहोळ ओलांडण्यातच जास्त वापरली गेली. पेठच्या पुढे एसटी एका आंब्याखाली थांबायची. तिथे उतरून एक दरी उतरायची आणि एक चढण चढायची, की आमचं गाव. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनं सारवलेल्या भिंती आणि वर कौलं. अर्ध्या भागात आमचं घर, अर्ध्यात प्रार्थनेची खोली. ख्रिस्ती मंडळीत मोजकीच घरं होती. पण रविवारी मागच्या बाजूला निम्मं गाव येऊन बसायचं, कारण तिथे सावली असायची आणि गाणी असायची. कोण कोणत्या देवाचं हे विचारायची पद्धत तिथे नव्हती. आम्ही भेटलो की "सलाम" म्हणायचो, गाव "राम राम" म्हणायचं, आणि दोन्हीकडून काम भागायचं.

आई तिथे राजीखुशीनं गेली नव्हती. ते ती स्वतःच सांगते. पहिल्या पावसाळ्यात ती इतकी रडली की छपरातून जास्त गळत होतं की डोळ्यांतून हे सांगता आलं नसतं, असं तिचंच म्हणणं आहे. मग शेजारची जनीबाई तिच्या आयुष्यात आली. जनीबाई उंच, ताठ, आणि बोलायला फटकळ. गाव आईला बाई म्हणायचं, जनीबाईही बाईच म्हणायची, पण तिच्या तोंडी त्या शब्दात मानापेक्षा चेष्टा जास्त असायची.

पहिल्या नाताळाला आईनं करंज्या करायला घेतल्या आणि तिच्या लक्षात आलं की नारळ नाही. डोंगरात नारळ कुठून येणार? ती डोक्याला हात लावून बसली. जनीबाईनं घरून खुरसणीचे, म्हणजे कारळ्याचे, काळे, बारीक दाणे आणले, भाजले, कुटले, गुळात कालवले आणि म्हणाली, "हे भरा." आईनं भरलं. काळ्या सारणाची करंजी आईनं जन्मात पाहिली नव्हती. पण चव अशी लागली की पुढे नाशकात नारळाचे ढीग मिळायला लागले तरी आमच्या घरी नाताळला खुरसणीच कुटली जाते. जनीबाईला मात्र करंजी हा एकूणच वेडेपणा वाटला होता. "येवढं राबायचं अन् खाताना दोन घासबी नाय," ती म्हणाली.

करंज्या घरोघर वाटून आई परत आली तेव्हा जनीबाईनं विचारलं, "खाली गेलेल्यांचा वाटा काढला का?"

आईला कळेना. निम्मं गाव तर बागांमध्ये गेलेलं. "अगं, ते होळीला येणार."

"मंग? येतील तवा खातील. वाटा तर काढावाच लागतू."

ही त्या गावाची रीत. गावात काहीही झालं, सण झाला, लग्न झालं, कोणाची बोकडाची पंगत झाली, की कामाला गेलेल्या माणसांचा वाटा वेगळा काढून ठेवायचा. जे टिकणारं नाही त्याच्याऐवजी मूठभर तांदूळ ठेवायचे, पण ठेवायचे. माणूस गावात नाही म्हणून त्याला पंगतीतून उठवायचं नाही. आईनं तेव्हापासून एक पत्र्याचा डबा केला. त्यात एकेका घराच्या पुड्या बांधून ती तो आढ्याला टांगायची, मुंग्या लागू नयेत म्हणून. जनीबाईही पुढच्या वर्षापासून खाली जायला लागली, कारण जिच्यासाठी ती मागे थांबायची ती तिची अंथरुणाला खिळलेली सासू तेवढ्यात वारली. मग तिचाही वाटा डब्यात गेला.

होळीच्या तोंडावर माणसं परत यायची आणि आई डबा उतरवायची. झाकण उघडलं की असा वास यायचा की बाबा कोट चढवून बाहेर पडायचे. खुरसणीचं तेल चार महिने गप्प बसत नाही. करंज्या खवट झालेल्या असायच्या, लाकडासारख्या कडक. जनीबाई एक उचलायची, दाढेखाली धरून कडकन् फोडायची, सगळ्यांसमोर सावकाश चावायची आणि निवाडा द्यायची, "मुरलीय चांगली." सगळे हसायचे, आणि एकही पुडी उरायची नाही. मला त्या वयात वाटायचं की नाताळच्या करंज्या दोन प्रकारच्या असतात, एक ताज्या आणि एक मुरलेल्या, आणि मोठ्या माणसांना मुरलेल्याच आवडतात.

आमचा सातवा नाताळ जवळ आला होता तेव्हा बाबांच्या बदलीचा निरोप आला. नवं वर्ष लागलं की नाशिकला यायचं. तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. मला शहराची हौस होती, विजेचा दिवा बटणानं लागतो याचं अप्रूप होतं, मी आनंदानं उड्या मारल्या. बाबांनी पुस्तकं आवरायला काढली. आईनं मात्र एक स्टूल घेतलं, त्यावर चढून आढ्याचा डबा खाली काढला, फडक्यानं पुसला, आत पाहिलं, आणि परत टांगला.

"होळीला मी इथे नसणार," ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "नवे पाळक येतील. त्यांच्या घरच्यांना सांगून ठेवू."

"डब्याचं नाही हो. इतके नाताळ झाले, पण एकदाही मी सगळं गाव एका पंगतीत बघितलं नाही. दरवेळी निम्म्या लोकांना वाढते आणि निम्म्यांच्या पुड्या बांधते. एकदा तरी सगळ्यांना वाढून जायचं होतं."

आई फारसं काही मागणारी बाई नव्हती. सात वर्षांत तिनं स्वतःसाठी एक कंदील आणि एक चष्मा एवढंच मागितल्याचं मला आठवतं. पण माणसांना बागांवर नेणारी मुकादमाची गाडी पुढच्याच आठवड्यात येणार होती आणि नाताळला अजून महिना होता. "देवाची इच्छा," असं काहीतरी बाबा पुटपुटले आणि पुस्तकांना दोरी बांधायला लागले.

ही गोष्ट आईनं जनीबाईला सांगितली असणार, कारण दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला काशिराम कारभारी आमच्या ओट्यावर येऊन बसला. कारभारी म्हणजे गावातला जाणता माणूस. सण कधी करायचा, गावदेवाला कधी जायचं, हे सगळ्यांशी बोलून तो ठरवायचा. तोंडाचं बोळकं झालेलं, पण आवाज खणखणीत.

"पाद्रीबाबा, जाताय म्हनं तुमी."

"हो कारभारी. नव्या वर्षाला."

"मंग नाताळ अलीकडं घेऊ. मानसं जायच्या आधी."

बाबा हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. "अहो, नाताळ असा अलीकडे-पलीकडे होत नाही. साऱ्या जगात तो एकाच दिवशी असतो."

"जगाला न्यायला मुकादमाची गाडी येती का?"

यात त्याची काही चूक नव्हती. तिथे प्रत्येक गावाची वाघबारस वेगळी, होळी वेगळी. पलीकडच्या पाड्यावर ढोल वाजून गेलेला असायचा आणि आमच्या गावात चार दिवसांनी वाजायचा, कारण आमच्याकडे कोणाचं तरी झोडायचं राहिलेलं असायचं, किंवा कोणी आजारी असायचं, किंवा कोणी माहेराहून यायचं असायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरला कारभारी मान द्यायचा, पण तेवढाच, जेवढा गावाबाहेरच्या पाहुण्याला देतात. "मानसं नसली तर सन कुनाला दाखवायचा?" तो म्हणाला.

बाबा शिकवण्याच्या बाबतीत कोणाला सोडायचे नाहीत. त्यांनी कारभाऱ्याला नाताळाआधीचे आगमनाचे रविवार समजावले, उपासनेचं वर्ष समजावलं, रोमपासून नाशिकपर्यंत सगळ्या मंडळ्या एका दिवशी एकत्र कशा असतात ते समजावलं. कारभाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, दोन कप चहा घेतला, "बराबर हाय तुमचं," म्हणाला आणि काठी टेकत गेला.

"समजूतदार माणूस आहे," बाबा आईला म्हणाले.

आई तांदूळ निवडत होती. तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. बाबांना डोंगरातली झाडं ओळखता यायची, पाऊस ओळखता यायचा, पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात कधीच आली नाही. त्या गावात पाहुण्याचं बोलणं खोडत नाहीत. ते शेवटपर्यंत ऐकून घेतात, बराबर म्हणतात, आणि मग गावानं जे ठरवलेलं असतं ते करतात.

त्यानंतरचे दोन दिवस आई करंज्या तळत होती. जनीबाई खुरसणी कुटत होती, मी लाट्या करत होते. बाबांनी विचारलं, "आत्ताच?" आई म्हणाली, "पुढे आवराआवर आहे, कधी वेळ होणार?" बाबांना ते पटलं. त्यांनी एक गरम करंजी खाल्ली, छान झाली म्हणाले, दुसरी घेतली आणि पुस्तकांकडे गेले. साधा माणूस.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा टॉवेल घेऊन ओहोळाकडे निघाले आणि मी त्यांच्यामागे कळशी घेऊन. थंडी अशी होती की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. दवानं पायवाट भिजलेली. बाबा थोडं चालले आणि थबकले. एकाही घरातून कोणी खळ्यावर निघालेलं नव्हतं. बैल गोठ्यात होते. सगळी अंगणं ताजी सारवलेली, ओली, आणि प्रत्येक दाराला आंब्याच्या डहाळीचं तोरण. समोरून काशिराम कारभारी आला, स्वच्छ धुतलेलं धोतर नेसून. त्यानं दोन्ही हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "सलाम, पाद्रीबाबा!"

बाबा इतके गोंधळले की म्हणाले, "राम राम. आज काय आहे?"

"नाताळ," कारभारी म्हणाला.

सात वर्षं ज्या माणसानं त्या गावाला नाताळ म्हणजे काय ते सांगितलं, त्यालाच तो आला आहे हे सगळ्यांत शेवटी कळलं. मी कळशी तिथेच ठेवली आणि पोट धरून हसले. बाबा हसले नाहीत. ते आल्या पावली घरी वळले.

घरात आई तिची पांढरी, निळ्या काठांची, फक्त उपासनेला नेसायची साडी नेसून वेणी घालत होती.

"तुला माहीत होतं?" बाबांनी विचारलं.

"गावाला माहीत होतं. मी गावातच राहते."

बाबा खाटेवर बसले. त्यांना राग आला होता, आणि तो खोटा नव्हता. जन्मभर ज्या गोष्टी त्यांनी नेमानं पाळल्या त्यांची अशी गंमत व्हावी, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. "मी आज उपासना घेणार नाही," ते म्हणाले. "हे बरोबर नाही."

आईनं वेणीला गाठ मारली. "नका घेऊ," ती शांतपणे म्हणाली. "पण जेवायचं काय? सगळं गाव पंगतीला असणार. तुमचा वाटा काढून ठेवू का, खाली गेलेल्यांत?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग वर आढ्याकडे पाहिलं. डबा तिथे रिकामाच लटकत होता. त्या वर्षी त्यात कोणाचीच पुडी नव्हती. मग त्यांनी दाढीला गरम पाणी मागितलं.

त्या दिवसाचं पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. आमच्याकडे दरवर्षी कागदी तारा लागायचा, पण पतंगाचा कागद पेठहून आणायचा राहिला होता. म्हणून गावातल्या बाप्यांनी ओल्या बांबूच्या कांब्या काढून टोपलीसारखा विणलेला तारा केला, पाच टोकांचा, आत कंदील ठेवायला जागा असलेला. तो खळ्याच्या मधल्या खांबाला वर चढवला. झोडलेल्या भाताच्या पेंढ्याची बाळ येशूची गव्हाण केली होती. तिच्यावर राखणीला बसवलेल्या मेंढपाळांचं, म्हणजे माझ्या वर्गातल्या पोरांचं, लक्ष नव्हतं. दुपारपर्यंत शेळ्यांनी गव्हाण निम्मी खाल्ली. कोणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण गव्हाण त्याचसाठी असते. पावरी वाजवणारा एक म्हातारा होता. आमचं एक जुनं नाताळगीत तो सकाळपासून त्या भोपळ्याच्या वाद्यावर बसवत होता. संध्याकाळपर्यंत ते त्याला आलं, पण ते आता आमचं राहिलं नव्हतं. ते डोंगरातलंच काहीतरी झालं होतं, आणि बाबासुद्धा पायानं ताल धरून होते.

अंधार पडल्यावर तारा पेटवला. कागदाच्या ताऱ्यातून रंगीत उजेड पडतो. यातून विणीच्या फटींमधून उजेडाच्या बारीक रेघा सगळ्या खळ्यावर, माणसांच्या अंगावर, शेळ्यांच्या पाठींवर पडल्या. सगळं गाव बसलं होतं. मला इतकी माणसं आमच्या गावात आहेत हेच माहीत नव्हतं. दर नाताळाला मी पाहायचे ते म्हातारे, लेकुरवाळ्या आणि पोरं. आज तरणे बाप्ये होते, त्यांच्या बायका होत्या, ज्यांना आम्ही फक्त डब्यातल्या पुड्यांवरून ओळखायचो ते सगळे होते.

बाबा उभे राहिले. त्यांनी ख्रिस्तजन्माची गोष्ट सांगायला घेतली. दरवर्षी या गोष्टीत त्यांना फार समजावून सांगावं लागायचं. सरकारनं हुकूम काढला, म्हणून मरियेला दिवस भरत आलेले असतानाही नवऱ्याबरोबर परक्या गावी जावं लागलं, तिथे राहायला जागा मिळाली नाही, हे सगळं ते खुलवून सांगायचे. त्या दिवशी ते "जावं लागलं" एवढं म्हणाले आणि माणसांनी माना डोलावल्या. ते "जागा मिळाली नाही" म्हणाले आणि मागून कोणीतरी बोललं, "जागा कोन देतंय?" जनीबाईची लेक ठकी तिच्या मांडीवर झोपली होती. ठकी निफाडकडे एका बागेतच जन्माला आली होती, औषधाच्या पिंपांच्या शेडात. हे आम्हाला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं.

जनीबाईनं बाबांना मध्येच थांबवलं. "पाद्रीबाबा, त्या बाईला गरम पानी कोनी दिलं?"

ते कुठेच लिहिलेलं नाही. त्यांनी आईकडे पाहिलं.

आई म्हणाली, "दिलं असेल कोणीतरी, जने. तुझ्यासारखीनं."

"द्याया पायजे," जनीबाई म्हणाली आणि ठकीच्या अंगावर पदर ओढला.

बाबांनी प्रवचन तिथेच संपवलं. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यांत लहान प्रवचन असावं. मग त्यांनी प्रार्थना केली, आणि जे आहेत त्या सगळ्यांसाठी देवाचे आभार मानले. तारखेबद्दल ते एक अक्षरही बोलले नाहीत.

मग पंगत बसली. नव्या तांदळाचा वाफाळता भात, उडदाचं वरण, कोंबडीचा रस्सा, आणि प्रत्येकाच्या पानावर काळ्या सारणाची ताजी करंजी. आई एका टोकापासून वाढत निघाली. जनीबाई तिच्या हातातली परात घ्यायला गेली तर आईनं दिली नाही. कंबर धरून, वाकून, एकेका पानापुढे थांबून ती शेवटपर्यंत गेली, आणि शेवटच्या पानाशी सरळ उभी राहून तिनं मागे वळून पाहिलं. मला ती तशी अजून दिसते, खांद्यावर ताऱ्याच्या रेघा पडलेल्या, हातात रिकामी परात.

"झालं माझं," ती म्हणाली.

ताजी करंजी खाऊन जनीबाईनं मात्र तोंड वाकडं केलं. "कच्ची वाटती," ती म्हणाली. "मुरली नाय."

दोन दिवसांनी मुकादमाची गाडी आली. दरवर्षी आई ओट्यावरून हात करायची. त्या वर्षी ती आंब्यापर्यंत चालत गेली आणि गाडीत चढणाऱ्या जनीबाईच्या हातात तिनं तो पत्र्याचा डबा दिला. "माझं काम झालं, आता तू सांभाळ," म्हणाली. कोणी रडलं नाही. पंचवीस डिसेंबरला बाबांनी मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना घेऊन रीतसर उपासना घेतली. बांबूचा तारा वाळून पिवळा झाला होता, पण खांबावर होता. कारभारी पुढच्या रांगेत बसला होता. उपासना संपल्यावर तो बाबांना म्हणाला, "ह्योबी बरा झाला." नव्या वर्षात आम्ही गाव सोडलं तेव्हा निरोप द्यायला मोजकीच माणसं होती. पण आईला हुरहुर नव्हती. तिचा निरोप खळ्यावरच घेऊन झाला होता.

नाशकात आम्ही रुळलो. बटणानं दिवा लागतो याचं अप्रूप मला आठवडाभर पुरलं. पुढच्या वर्षी फाल्गुनात, होळीच्या आधी, एका दुपारी दार वाजलं. दारात जनीबाई होती. सायखेड्याकडची बाग संपली होती, बाकीची माणसं गाडीनं थेट गावाकडे गेली होती, आणि ही एकटी एसटीनं विचारत विचारत आमच्याकडे आली होती. काखेत गाठोडं आणि हातात तो डबा.

"वाटा," ती म्हणाली.

आईला उमजेना. "कसला गं?"

"नाताळचा. गावानं औंदाबी आधीच धरला. तुमी खाली आलात ना कामाला? मंग खाली गेलेल्यांचा वाटा नको काढाया?"

मग आम्हाला कळलं. आमच्या लेखी आमची बदली झाली होती. गावाच्या लेखी आम्ही कामासाठी खाली गेलो होतो, बाकीचे जातात तसे. आमचं पान उचललेलं नव्हतं.

डबा उघडला. बागेतल्या शेडात चार महिने मुरलेल्या खुरसणीच्या करंज्या. तो वास फ्लॅटभर पसरला. बाबा उठले, मला वाटलं आता कोट चढवणार. पण ते टेबलाशी येऊन बसले, हात जोडले, आणि भर फाल्गुनात, बाहेर पोरं होळीसाठी लाकडं गोळा करत असताना, त्यांनी नाताळची प्रार्थना म्हटली. मग करंजी दाढेखाली धरून कडकन् फोडली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खवटपणानं असेल.

तेव्हापासून डबा चुकला नाही. बाबांच्या मागे आलेल्या पाळकांनीही पहिल्या वर्षी कारभाऱ्याला तारखेचं महत्त्व समजावून सांगितलं होतं म्हणे, आणि कारभारी म्हणाला होता, "बराबर हाय तुमचं." आता तो कारभारी नाही, पण रीत आहे. बाबा गेले त्या वर्षीही डब्यात आमच्या तिघांच्या तीन पुड्या होत्या. आई म्हणाली, "जने, आता दोनच आणत जा." जनीबाई म्हणाली, "पाद्रीबाबाचा वाटा बंद कराया गावानं अजून ठरवलं नाय." ती तिसरी पुडी आम्ही कुळकर्णीकाकूंकडे देतो. काकूंचे यजमान दात सांभाळून खातात.

जनीबाईनं आता खाली येणं सोडलंय. गुडघे साथ देत नाहीत. डबा ठकी आणते, जी शेडात जन्मली होती आणि आता स्वतःची मजुरांची टोळी घेऊन सायखेड्याला येते.

काल तिचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला, कारण आईला तसंच ऐकू येतं.

"बाई, नाताळ झाला आमचा शनवारी. लय मानसं व्हती. वाटा काढलाय."

"जनी कशी आहे?"

"बरी हाय. बसल्या जागंवरून समद्यांला बोलती. बाई, आईक, उद्या आमची गाडी तुमच्या दारावरूनच जानार. धा मिनिटं थांबून डबा देऊनच जाते. होळीपर्यंत कशाला? आता तुमचे दातबी नाय राहिले. ताज्या हायत तवर खा."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर डॉक्टरांच्या बोलण्याचा आणि लांब असलेल्या होळीचा हिशेब मी मनात आधीच मांडला होता. या दिवाळीत आई पंधरा दिवस अंथरुणाला होती. मी फोनकडे वाकून हो म्हणणार, तेवढ्यात आईनं माझा हात धरला. तिची बोटं हल्ली फार हलकी झाली आहेत, पण पकड होती.

"ठके," ती म्हणाली, "ताज्या नकोत मला. जनीला सांग, मी होळीला वाट बघते. तोवर मुरू दे."